अंगणातली मतमोजणी

शांतिपूर, २६ ऑक्टोबर २०२३

तीर्थरूप जेठूंना,
शि. सा. न. वि. वि.

विजयादशमीचा प्रणाम उशिरा पोहोचतोय, रागावू नका. पंचायतीच्या निवडणुकीत घरच्या ग्रुपवर बाबा आणि तुम्ही, सख्खे भाऊ, एकमेकांना देशद्रोही म्हणालात आणि तुम्ही फोन वापरणंच सोडलंत. मला वाटलं, मतदानाने मिटेल. मीच ग्रुपवर विचारलं, भाईफोट्याला, बहिणीने भावाला टिळा लावायच्या दिवशी, जेठूंना बोलवायचं का? आठ मतं पडली, आठही ‘नको’.

घरात माणसं सात. त्यातलं एक ‘नको’ माझ्या नावावर, जे मी दिलं नाही. आठवं ठाकुमाचं, तुमच्या आईचं. तिच्या अस्थींबरोबर तिचा फोन तुम्हीच गंगेत सोडला होतात ना?

तुमची, शिउली

दुर्गापूर, २ नोव्हेंबर

चि. शिउलीस,
अनेक आशीर्वाद.

सोडला होता. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, या हाताने. आणि आई मला ‘नको’ म्हणेल? मिठाईतला शेवटचा संदेश माझ्यासाठी डब्यात लपवणारी बाई ती.

तू घरातली पहिली पदवीधर. पण मत मागायला माणसाच्या दारात जावं लागतं, हे तुझ्या पुस्तकात नव्हतं वाटतं. सगळ्यांना अंगणात बसव. फोन काढून घे. हात वर करायला सांग. तुझ्या बापाला म्हणावं, हात जड झाला असेल तर दुसऱ्या हाताने उचल. फोन सोडल्यापासून मला राग येतो तो निदान माझा तरी असतो.

पिशीला सांग, तिचा भाऊ वाट पाहतोय.

तुझा जेठू

शांतिपूर, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप जेठूंना,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी सगळे फोन टोपलीत घालून वर गमछा टाकला. ‘बोलवा’ म्हणून पहिला हात पिशीचा, शेवटचा बाबांचा. सातही हात वर. मग एकेकाला विचारलं, ‘नको’ कोणी दाबलं होतं? कोणीच नाही. बाबांनी तर घरच्या हातमागावर हात ठेवून शपथ घेतली.

गमछा उचलला. ग्रुपवर आता नऊ ‘नको’. नववं तुमचं.

तुमच्याकडे फोन नाही, हे मला माहीत आहे. तरी पत्राचं उत्तर तुमच्या हातचं पाठवा. पिशीने तुमच्या टिळ्यासाठी चंदनाचं खोड काढून ठेवलंय. आलात की आधी अंगणातून हाक मारा. बाबांनी ठरवलंय, आवाज ओळखू आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

लोभ असावा, आणि तो तुमचाच असावा.

शिउली