तो फेस मी केला होता, वहिनी

प्रिय वहिनी,

परवा मी परत तुझ्यावर ढकललं. तू जाऊन दहा महिने झाले, तरी माझी खोड काही जात नाही. तू होतीस तेव्हा समोर बसून बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे. वाचणारं कोणी नाही हे माहीत असूनसुद्धा.

झालं असं, की तुझं ते भांडी धुवायचं मशीन मी घरी आणलं. इथे, बोरिवलीला. मुलुंडची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, दादा आणि तन्वी भाड्याच्या जागेत राहायला गेले, तेव्हा तुझ्या लेकीनं गॅलरीतलं सगळं भंगारात काढलं. मला फोनवर सहज म्हणाली, "आत्या, आईचं फेसवालं मशीन पण गेलं गं एकदाचं." दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलुंड गाठलं, भंगारवाल्याचा पत्ता काढला आणि ते विकत घेतलं. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू बाईचं डोकं फिरलंय. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून मी ते घेऊन आले.

ओंकार भडकलाच. माझा मुलगा कसा आहे ते तुला वेगळं सांगायला नको. "आई, महिनाभर मी नवीन डिशवॉशर घेऊ म्हणून मागे लागलोय. त्यात कढई चालते, कुकर चालतो. आणि तू हे डबडं उचलून आणलंस? कशाला?" मी म्हटलं, मला हेच हवंय. "अगं पण का?" का ते नाही सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं होतं, की त्याला सांगणार!

कांदिवलीचे एक रेडकर म्हणून आहेत, वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. सत्तरीला आले असतील. ते तीनदा येऊन गेले. दाराचं रबर नवीन कापून बसवलं, पाण्याची नळी बदलली, अडकलेली मोटर हातानं फिरवून फिरवून मोकळी केली. मी पण लागले कामाला. जाळ्यांचा गंज लिंबू-मीठ लावून घासला, पाणी उडवणाऱ्या पात्याची भोकं टाचणीनं एकेक साफ केली. वरती तू ओव्याच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्या ठेवायचीस, त्यांचे गोल डाग मात्र निघेनात.

रेडकर म्हणाले, "बाय, ह्या मशीनीक काय एक झालेला नाय. रबर तेवढो कुजलो. इतकी वर्षां बंद कित्याक ठेवल्यात?"

मी जाळी पुसत राहिले. मग त्यांनी दाराच्या आतली पावडरची डबी स्क्रूड्रायव्हरनं उघडली. आत दगडासारखा घट्ट झालेला निळा गोळा होता. त्यांनी तो खरवडला, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ही तर कपड्यांची पावडर! ही हेच्यात कोणी घातल्यान?"

आणि वहिनी, माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "आमच्या वहिनीनं घातली असेल. तिला कळायचं नाही त्यातलं."

तुला कळायचं नाही! ऑफिसात अख्खं डिपार्टमेंट सांभाळायचीस, मशीनचं ते परक्या भाषेतलं पुस्तक ओळखीच्या बाईकडून समजून घेऊन वहीत मराठीत उतरवलं होतंस, तुला कळायचं नाही? म्हाताऱ्या माणसासमोर साठाव्या वर्षी मी खोटं बोलले, तेही मेलेल्या माणसाच्या नावावर. रेडकर गेले आणि मी स्वयंपाकघरात तशीच बसून राहिले. लाज वाटली गं. इतकी वर्षं वाटायला हवी होती तेवढी एकदम वाटली.

तर आता ऐक. तुला यातली अर्धीच गोष्ट माहीत आहे.

तुझ्या हातांना साबण सोसायचा नाही. बोटांना भेगा पडायच्या, लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. सकाळची भांडी बाई घासायची, पण रात्रीची तुझ्या वाट्याला. खरकटं रात्रभर घरात राहता कामा नये, हा माझ्या आईचा नियम. तू ऑफिसातून यायचीस, स्वयंपाक करायचीस आणि मग मोरीत बसायचीस. मी घरातली लाडकी, लग्न व्हायची मुलगी! मी बाहेर टीव्ही बघायचे. एकदा तू रबरी हातमोजे आणलेस तर आई म्हणाली, "डॉक्टरीणबाई आल्या, ऑपरेशनला बसल्या." मी खो खो हसले होते. तू हातमोजे काढून ठेवलेस, ते परत कधी घातले नाहीस.

मग तुझ्या ऑफिसच्या ओळखीतलं एक परदेशी कुटुंब घर आवरून चाललं होतं, त्यांच्याकडून तू हे मशीन आणलंस. तेव्हासुद्धा ते जुनंच होतं. दादानं मोरीत नळी सोडून दिली. आईनं नाक मुरडलं, पण बिल्डिंगमध्ये बातमी पसरल्यावर तीच ऐटीत सगळ्यांना सांगायला लागली, "आमच्या सुनेनं आणलंय, या बघायला." रविवारी दुपारी चार शेजारणी आल्या. सगळ्यांच्या तोंडी तुझंच नाव. सून कशी हुशार, सून कशी हौशी. आणि माझ्याकडे बघून एकीनं विचारलं, "हिचं कुठे जमलं का?" तेव्हा नुकताच एक नकार आला होता. माझं डोकंच सणकलं.

तू चहा गाळत होतीस. माझ्या हातात मशीनच्या पावडरची छोटी पुडी आणि चमचा देऊन म्हणालीस, "मंगल, एकच चमचा हं. जास्त नको, फेस होईल."

फेस होईल, हे तूच सांगितलंस मला!

मी ती पुडी ओट्यावर ठेवली. मोरीशेजारच्या डब्यातली कपड्यांची पावडर डबीत कोंबली आणि वर मूठभर आत भांड्यांवर टाकली. दार लावलं. घरभर पूर यावा असं काही माझ्या मनात नव्हतं, खरंच. थोडी फजिती व्हावी, एवढंच. पण फजिती व्हावी असं मात्र नक्की मनात होतं. चुकून नाही झालं ते, वहिनी.

पुढचं तू बघितलंसच. दाराच्या फटीतून फेस आला, ओट्याखालून हॉलमध्ये गेला, बायका साड्या वर धरून सोफ्यावर चढल्या. तू चहाचं भांडं हातात घेऊन नुसती उभी. आई कडाडली, "खरकटं डब्यात कोंडून ठेवायचं, हे असले थेर आपल्या घरात नकोत!" संध्याकाळपर्यंत मशीन गॅलरीत गेलं. बिल्डिंगमध्ये तुझं नाव पडलं फेसवाली. फरशी तूच पुसलीस, तीनदा. मी मदतसुद्धा केली तुला, किती गुणी नणंद!

त्यानंतर आठवडाभरानं तू मला गॅलरीत गाठलंस. एकदम हळू विचारलंस, "मंगल, मी चमचा एकच सांगितला होता ना गं? का पुडी चुकीची दिली मी? काय चुकलं माझं?"

तेव्हा सांगता आलं असतं. तू रागावली असतीस, दोन दिवस बोलली नसतीस, दादा माझ्यावर ओरडला असता, संपलं असतं. मशीन परत आत आलं असतं. पण मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "पुडीच चुकीची असेल. जाऊ दे ना वहिनी, होतं असं."

आणि तू मान हलवलीस. विश्वास ठेवलास. त्या दिवसापासून तू भांडी हातानंच घासलीस, आई असेपर्यंत आणि आई गेल्यावरही. आई गेल्यावर दादानं विचारलं होतं, मशीन परत लावून बघूया का? तू म्हणालीस, "नको बाई, माझ्या हातून परत काहीतरी व्हायचं."

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण मी त्याची गोष्ट केली! लग्न होऊन बोरिवलीला आले आणि दर गणपतीत मुलुंडला जेवायला आले की सगळे मागे लागायचे, मंगल, वहिनीच्या फेसाचं सांग. मी उभी राहून नक्कल करायचे. आईचा आवाज, बायकांच्या उड्या, चहाचं भांडं घेऊन उभी तू. तन्वी तर तीच गोष्ट ऐकत मोठी झाली. सगळे पोट धरून हसायचे. तू पण हसायचीस, आणि मग उठून सगळ्यांची ताटं गोळा करून आत जायचीस. त्यात माझंही ताट असायचं.

तू का हसलीस गं? एकदा तरी म्हणायचं होतंस, पुरे आता. रागवायला हवं होतंस. बघ, अजून तुलाच बोल लावते आहे मी.

हॉस्पिटलात शेवटचे तीन दिवस मी तुझ्याजवळ होते. तुझ्या बोटांना खोबरेल चोळत बसायचे. तू म्हणालीस, "किती करतेस गं माझं." तेव्हा शब्द अगदी ओठावर आले होते. मग वाटलं, आता कशाला त्रास द्यायचा हिला. छे! तुझा त्रास मला कधी दिसला होता? मी स्वतःला वाचवत होते.

त्या निळ्या गोळ्यानंतर आधी मी रेडकरांना फोन केला. म्हटलं, "रेडकर, ती पावडर मी घातली होती, वहिनीनं नाही." ते म्हणाले, "खंयची पावडर, बाय?" मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "बरा. आता परत घालू नकात म्हणजे झाला." मला हसू आलं आणि मग रडू आलं.

काल दादा आणि तन्वीला जेवायला बोलावलं. मशीन पहिल्यांदा लावायचं होतं. भांडी आत ठेवली, एकच चमचा पावडर मोजून टाकली, दार लावलं. तन्वीनं खुर्ची मागे ओढली, "चला, पाय वर घ्या सगळे! आत्या, सांग ना, आईच्या फेसाचं."

मी सांगितलं. या वेळी नक्कल नाही केली. डबा कुठे होता, पावडर कुठली होती, शेजारीण काय बोलली होती, गॅलरीत तू काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं, सगळं. मशीन घरघरत होतं. फेस काही आला नाही.

दादानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आजारपणातसुद्धा एकदा विचारलं होतं तिनं. काय चुकलं असेल हो माझं, म्हणून." आणि उठून गॅलरीत गेला.

तन्वी रडली नाही. ओरडली पण नाही. म्हणाली, "आत्या, मी पण हसायचे गं. मला लहानपणापासून आईवर हसायला शिकवलंस तू." मग तिनं मशीनवर हात ठेवला. "हे मी नेणार. हे आईचं आहे. तू दुरुस्त केलंस म्हणून तुझं होत नाही."

ने म्हटलं. खरं सांगू? वाईट वाटलं. दोन महिने हात झिजवले होते, मनात कुठेतरी होतं की रोज त्यात भांडी लावेन आणि जरा बरं वाटेल. पण मला बरं वाटावं म्हणून ते मशीन नव्हतंच ना. ओंकारनं टेम्पो सांगितलाय. येत्या रविवारी जाईल.

निघताना तन्वी दारात थांबली. म्हणाली, "गणपतीला यायचं असेल तर ये. पण गोष्ट आता तूच सांगायची, सगळ्यांसमोर, जशी आज सांगितलीस तशी. नाही जमणार तर येऊ नकोस."

तर वहिनी, मी जाणार आहे. त्या चार शेजारणींपैकी दोघी अजून आहेत, त्यांनाही बोलवायला सांगितलंय. उभी राहून सांगेन, तुझं नाव घेऊन आणि माझं नाव घेऊन. ओळखीची गोष्ट म्हणून सगळे आधी हसायला लागतील. मग हळूहळू गप्प होतील. ते गप्प झाले की मी खाली बघणार नाही, उठून आत जाणार नाही, विषय बदलणार नाही. तुला वचन देते.

तुझी नणंद,
मंगल