एका वेळी एकच पाहुणा

बाबा, आपल्या त्या गावाचं नाव परत बातम्यांत आलं. डच बातम्या देणाऱ्या बाईनं ते असं काही उच्चारलं की आधी मला कळलंच नाही. मग पडद्यावर नकाशा आला, इथिओपियाच्या उत्तरेचा टिग्रे प्रांत, वर एरिट्रियाची सरहद्द, आणि सरहद्दीला खेटून एक ठिपका. त्या ठिपक्यात तुमची शाळा आहे, तिच्यामागची निलगिरीची झाडं आहेत, आणि आईनं जिथं बसून त्यांच्या त्या आंबट, परातीएवढ्या आंबोळ्या करायला शिकून घेतलं ते स्वयंपाकघर आहे. मी इथं हॉलंडात, आल्मेरेच्या घरात लॅपटॉप मांडीवर घेऊन, ऑफिसची मीटिंग कानात चालू असताना तो ठिपका पाहत होते. तिथं पुन्हा यादवी सुरू झाली होती, तुमच्या वेळची नव्हे, नवी. दोन मिनिटांत बातमी संपली आणि करोनाचे आकडे सुरू झाले.

तुम्ही पुण्याची नोकरी सोडून तिथं गणित शिकवायला गेलात तेव्हा मी बोबडं बोलत होते, आणि परत आलो तेव्हा चौथीत. मला पहिलं गाव आठवतं ते तेच. सरकारी फौज गावात, बंडखोर डोंगरात, आणि तुमच्या वर्गातली पोरं दोन्हीकडे. आज पहिल्या बाकावर बसलेला उद्या दिसला नाही की तुम्ही काही विचारत नव्हता, फळ्याकडे वळून पुढचं गणित घालायचात. एकदा जेवताना मी गल्लीतल्या पोरींकडून शिकलेलं डोंगरवाल्यांचं गाणं म्हटलं आणि विचारलं, आपण कुणाच्या बाजूचे? तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. म्हणालात, आपण इथं पाहुणे आहोत, पाहुण्यानं घरातल्या भांडणात तोंड घालायचं नसतं, आणि हे गाणं या घरात पुन्हा ऐकू आलं तर जेवण मिळणार नाही. आई म्हणाली, पोर आहे, जाऊ द्या. तुम्ही काही जाऊ दिलं नाही, त्या दिवशी माझ्याशी बोललाच नाहीत.

आणि ती पहाट. आपल्या घरमालकिणीचा थोरला फौजेत होता आणि धाकटा डोंगरात, दोघांचेही फोटो तिनं एकाच चौकटीत लावले होते. धाकटा गेल्याचं तिला सोडून सगळ्या आळीला आधी कळलं. तिथली रीतच तशी, मरणाची बातमी कुणी एकट्यानं सांगायची नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक गुपचूप ठरवतात आणि एका दिवशी उजाडताना सगळे मिळून दारात जाऊन उभे राहतात. इतकी माणसं एवढ्या सकाळी दुसऱ्या कशासाठी येणार. दार उघडणारी बघूनच समजते. तुम्ही मला हाताला धरून त्या घोळक्यात मागे उभे होतात. तुम्हाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आक्रोश ऐकून गस्तीचा शिपाई आला, कोण गेलं म्हणून विचारू लागला, आणि बायकांनी एका तोंडानं सांगितलं की म्हातारा काका गेला. डोंगरातल्या पोरासाठी उघड रडायची सोय नव्हती. शिपायानं तुमच्याकडे वळून विचारलं, मेमहिर, म्हणजे मास्तर, खरं काय ते तुम्ही सांगा. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, मी परका माणूस, मला काय ठाऊक. मला तुमचा फार राग आला होता. अजूनही थोडा आहे.

इथं माझी मैत्रीण मला भेटली ती टोकोत, म्हणजे आपल्याकडचं आलं-मिरची जिथं मिळतं त्या दुकानात. भेंडी निवडता निवडता ती फोनवर कुणाला तरी रागं भरत होती की सुई टोचलीस का, जेवायच्या आधी टोचलीस का, खोटं बोलू नकोस. भाषा कानावर पडली आणि मी होते तिथं खिळले. पलीकडे तिची आई होती, आपल्याच गावात, साखरेचा आजार असलेली. ती तुमच्या शाळेत आली तोवर आपण निघून आलो होतो, पण तिचा थोरला भाऊ तुमच्या वर्गात होता आणि तुम्ही फेकलेला खडू त्याच्या कानाला लागल्याची गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात म्हणे. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी मेमहिरांची मुलगी झाले. माझी तिग्रिन्या, म्हणजे तिथली भाषा, नऊ-दहा वर्षांच्या मुलीची आहे, खेळायची, खायची, भांडायची. त्यापुढचे शब्द मला येत नाहीत. तिला त्याचीच मजा वाटायची. आईला फोन लावून ती मला बोलायला लावायची, आणि म्हातारी विचारायची, तुझे वडील अजून तसेच रागीट आहेत का? तुम्ही गेल्याचं मी तिला सांगितलं होतं. ती विसरायची, आणि पुढं पुढं मीही आठवण करून देईनाशी झाले.

मैत्रिणीचा नवरा पलीकडचा, राजधानीकडचा. इथं बस चालवतो. मोजकं बोलणारा, सभ्य माणूस, आणि मला तो आवडतो हे लिहून टाकते. लढाई सुरू झाली तसा त्या प्रांताचा फोन बंद झाला, बँका बंद, रस्ते बंद, दवाखान्यात औषध जाईना. त्याच आठवड्यात तो त्याच्या भावाशी फोनवर बोलता बोलता म्हणाला की सरकारनं तरी दुसरं काय करायचं होतं. ती स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती त्याला वाढायची, त्याचा गणवेश इस्त्री करायची आणि त्याच्याशी बोलायची नाही. त्यांची प्रार्थना भाड्याच्या एका हॉलमध्ये व्हायची, तिचेही दोन गट पडले. तिच्याकडची माणसं त्याच्या घरात पाऊल टाकेनात आणि त्याच्याकडच्यांना ती दार उघडेना. त्यात करोनाचा नियम आला, संध्याकाळनंतर संचारबंदी आणि एका घरात दिवसाला एकच पाहुणा. तसंही कुणी येत नव्हतंच.

फेब्रुवारीत कालवे गोठले होते, सगळी आल्मेरे बर्फावर घसरत होती, तेव्हा त्यानं मला फिरायला बोलावलं. घरी बसता येत नसल्यामुळे त्या दिवसांत महत्त्वाचं सगळं लोक चालता चालताच बोलायचे. दीड मीटर अंतर ठेवून आम्ही तळ्याकाठी चाललो आणि त्यानं सांगितलं की तिची आई गेली. गोळी नाही, बॉम्ब नाही, इन्सुलिन संपलं. तिथून कसाबसा बाहेर पडलेला कुणी राजधानीत त्याच्या भावाला भेटला, त्याच्याकडून कळलं. पुरून झालं होतं, महिना होऊन गेला होता. मी उभी राहिले. तो मात्र चालतच राहिला, मग परत आला.

"मी सांगितलं तर ती माझ्या लोकांनी दिलेली बातमी होईल," तो म्हणाला. "तुम्ही कुणाच्याच नाही. तुम्ही सांगा."

मी पाहुणी आहे, मला काय ठाऊक, असं म्हणता आलं असतं. तुमचीच मुलगी आहे, वाक्य तयार होतं. पण मी हो म्हणाले.

शनिवारी पहाटे संचारबंदीची वेळ संपल्या संपल्या सायकल काढली. रीत निदान तेवढी तरी पाळावी, पहाटेची. सगळ्या रस्त्यानं मी शब्द जुळवत होते आणि दर वळणावर ते सुटत होते. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लांब गॅलरीच्या टोकाला. बेल वाजवली. तिनं दार उघडलं आणि माझ्याकडे पाहण्याआधी माझ्या मागे पाहिलं, गॅलरीत डावीकडे, उजवीकडे. कुणी नव्हतं. तिचा चेहरा असा काही सैलावला की मी तो विसरायचा प्रयत्न करते आणि जमत नाही. ती हसली, मला ओढूनच आत घेतलं, एवढ्या थंडीत वेडी आहेस का म्हणाली, आणि कॉफीचे हिरवे दाणे तव्यावर टाकले. दाणे भाजायचे, कुटायचे, तीनदा उकळायचं, तीन कप प्यायचे, मधेच उठायचं नाही. माझ्याकडे तेवढा वेळ होता. पहिल्या कपानंतर सांगेन असं ठरवलं, मग दुसऱ्यानंतर.

तिसरा कप ओतताना ती आपणहून बोलली. "रोज पहाटे गॅलरीत पावलं वाजली की मी मोजते. एकाचीच असतात. मरणाची बातमी कुणी एकटं आणत नाही. हा एका पाहुण्याचा नियम आहे तोवर माझी आई आहे."

मी तो कप संपवला. कॉफी चांगली झाली आहे म्हणाले. खाली स्टॉपवर तो बस घेऊन उभा होता, रिकामी बस, दिवे लागलेले. मी नाही अशी मान हलवली. त्यानं दार लावून घेतलं, बसची वेळ झाली होती.

त्यानंतरचे दोन महिने कसे काढले ते तुम्हाला काय सांगू. ती आईचा नंबर रोज लावायची आणि तेच ठरलेलं रेकॉर्डिंग ऐकून फोन ठेवायची. एक दिवस म्हणाली, भारतात इन्सुलिन स्वस्त मिळतं ना, तुझ्या भावाला सांगून राजधानीपर्यंत पाठवता येईल का, पुढचं मी बघते. मी नाही कशी म्हणणार? मी दादाला खरंच फोन लावला, निदान तेवढं तरी खोटं नको म्हणून. पुण्यात तेव्हा माणसं ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होती. दादाच्या सासऱ्यांना तीन दवाखान्यांनी परत पाठवलं होतं. तो म्हणाला, "अगं, इथं खाट मिळेना आणि तू मला आफ्रिकेचं काय सांगतेस?" त्याच्या सासऱ्यांसाठी मी काही करू शकत नव्हते, म्हातारीसाठी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि जिवंत असलेल्या माझ्या मैत्रिणीसाठी मी एवढंच करत होते की औषधाचं जमतंय, बघते, असं सांगत होते. ती मला दुवा द्यायची. बाबा, दुवा इतकी बोचू शकते हे मला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन सांगितलं की संचारबंदी उठणार, हॉटेलांच्या बाहेरच्या खुर्च्या उघडणार, आणि घरात आता दोन पाहुणे चालतील. आमच्या सगळ्या रांगेत लोकांनी खिडक्या उघडून टाळ्या वाजवल्या. लेक नाचत आली. मी टीव्ही बंद केला. मी मैत्रिणीला फोन केला नाही, तिनंही केला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा आला, दोघं चालतात, एवढंच म्हणाला. त्यानं तिच्याकडच्या प्रार्थनेतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या दाराशी जाऊन विनवणी केली होती. बाईंनी त्याला आत घेतलं नव्हतं, पण येते म्हणाल्या होत्या.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही कुठं जायचं नाही. घरात मी आणि लेक. तिला मराठी कळतं, उत्तर ती डचमध्ये देते, आणि आपली अक्षरं तिला वाचता येत नाहीत, म्हणून टेबलावर उघडं ठेवलं तरी चालतं.

नवा नियम लागू झाला त्या पहाटे बाई काठी टेकत माझ्या पुढे चालल्या होत्या. गॅलरीत काठीचा आवाज, त्यांची पावलं, माझी पावलं. बेल वाजवावी लागली नाही. तिनं आधीच दार उघडलं होतं आणि उंबऱ्यात बसली होती. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बस. शेजारची डच बाई गाऊन घालून बाहेर आली आणि घाबरून विचारू लागली की ॲम्ब्युलन्स बोलवू का. मी नको म्हणाले, आई गेली तिची. मग त्या बाईनंही तोंडावर हात धरला आणि तशीच तिच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. तो आत स्वयंपाकघराच्या दाराशी होता, बसचा गणवेश घालून. पुढे यायचं की नाही, त्याला कळत नव्हतं.

पुष्कळ वेळानं, रडून आवाज पार बसल्यावर, तिनं मान वर केली. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं विचारलं, "हे कळलं कधी? थंडीत माझी कॉफी प्यायला आलीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

तो जमिनीकडे पाहत होता. मला फेब्रुवारीत माहीत असेल तर त्यालाही असणार, हे कळायला तिला वेळ लागला नसता. दोन महिने तो तिच्या हातचं जेवत होता. आता तिला त्या घराखेरीज दुसरं घर नाही.

मी म्हणाले, "नाही. काल कळलं."

बाबा, त्या संपूर्ण सकाळी तेवढं एकच वाक्य मी तिच्या भाषेत न अडखळता बोलले.