श्रावणातले बोंबील आणि माझा कॉम्प्युटर

ठाकूरद्वार,
श्रावण शुद्ध नवमी

तीर्थरूप रामचंद्रमामांस, हेरंबचा साष्टांग नमस्कार.

गावी तुमची तब्येत ठणठणीत असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि चोरून विडी ओढताना मामी तुम्हाला पकडत नसतील, अशी आशा करतो. इकडे अप्पांचं ब्लडप्रेशर, आईचा श्रावण आणि माझा कॉम्प्युटर सोडून सगळं क्षेम आहे. (तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. तोच सांगायला बसलो आहे.)

मी नोकरी सोडून घरी लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, हे आईने तुम्हाला रडत रडत कळवलंच असेल. अप्पांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर धंद्याचं बस्तान बसलं नाही तर मुकाट्याने बँकेची परीक्षा द्यायची, आणि ज्याला घर चालवता येत नाही त्याने कुठली मुलगी मनात धरायची नाही. (मुलगी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.) आता माझा कॉम्प्युटर असा, की नवरानवरीने एकमेकांना हार घातले की हाच दमून बसतो. नवा प्रोसेसर परवडत नाही, तेव्हा आहे त्यालाच जास्त वेगाने पळवायचं ठरवलं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तुम्हाला समजावून सांगायला नको. दोन साचे चालवणाऱ्या विणकराच्या गळ्यात चार साचे मारायचे आणि चहा मात्र एकच कप, हा प्रकार तुम्ही गिरणीत भोगलेला आहे. माझ्याकडचा चहा म्हणजे प्रोसेसरच्या खोक्यात फुकट आलेला पंखा. तो केवढा, तर आईच्या पुरणयंत्राच्या जाळीएवढा. वेग वाढवायचा तर मोठा पंखा बसवा, असं जाणकार सांगतात. पण जाणकारांचं ऐकणारा असतो तर मी आज बँकेत नसतो का?

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर असा पळाला की अक्षता ते पाठवणी दुपारच्या झोपेआधी आटोपली. दुसऱ्या दिवशी तापला आणि आपोआप बंद पडला. चालू केला, पुन्हा बंद. थोडक्यात, त्याने संप केला. (तुम्ही त्याचीच बाजू घेणार. पण तुमचा संप वीस वर्षं झाली तरी कुणी मागे घेतलेला नाही, आणि मला दिवाळी गाठायची आहे.)

अशा वेळी मला तुळसामावशीची पेटी आठवली. शिवडीहून आपल्या चाळीत मासळी घेऊन येणारी तुळसामावशी तुम्हाला ठाऊक आहेच. हल्ली तिची मुलगी शांती तिच्याबरोबर असते. मावशीच्या थर्माकोलच्या पेटीत पापलेट दिवसभर गार राहतं, तर प्रोसेसरने काय घोडं मारलंय, असा मी विचार केला. शांती म्हणाली, "ने रे, नारळी पुनवेपर्यंत रिकामीच हाय. पण भोकबिक पाडू नको हां, आय मला सोडायची नाय." मी पेटी आणली आणि तिला वायरींसाठी दोन भोकं पाडली, पंख्याची हवा बाहेर जायला एक मोठं. खाली बर्फ, वर फळी, फळीवर कॉम्प्युटर. अर्ध्या तासात बर्फाचं पाणी झालं. मग लक्षात आलं, की थर्माकोलला गार आणि गरम यातलं काही कळत नाही. आत जे असेल ते धरून ठेवायचं, एवढंच त्याला येतं. शिवाय आषाढभर मावशीने त्या पेटीत सुके बोंबील ठेवले होते, ते गटारीला खपले. बोंबील गेले, वास राहिला. तो आता चांगला खरपूस भाजून पंख्यातून गॅलरीत जाऊ लागला.

वार श्रावणी सोमवार. आईच्या पोथीला चाळीतल्या बायका जमलेल्या. आधी वाचन अडखळलं, मग थांबलं. मालनकाकू (ज्या उपवासाला साबुदाण्याचीही चौकशी करून खातात) उठून आमच्या स्वयंपाकघरातली झाकणं उघडून पाहू लागल्या. तोंडाने "शिव शिव" आणि डोळे तव्यावर! अप्पा नाकाच्या मागे मागे माझ्या टेबलापाशी आले. पेटीचं झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बोंबील कुठायत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मामा, मला गलबलून आलं.

पण खरं संकट आई. झाकणावर लाल रंगात 'तुळसा' लिहिलेलं आहे. आईने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोथीपाशी जाऊन बसली. त्यावर आजतागायत एक शब्द बोललेली नाही. ती बोलली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.

तुमचा भाचा,
हेरंब

ता. क. – कॉम्प्युटर वाचला. मी वेग होता तेवढाच केला आहे. दिवाळीचं बघू.

ता. क. २ – मुलगी शांती. मामा, नारळी पुनवेच्या आत याच. पेटीच्या भोकांसकट सगळं तुळसामावशीपुढे कुणी मोठ्या माणसाने मांडायला हवं. आई फक्त तुमचं ऐकते. आणि संपाच्या वर्षी परळला तुमच्या दारात मावशी पैसे न मागता पाटी उतरवायची, तेव्हा ती कोण आणि तुम्ही कोण, हे कुणी विचारलं होतं का?

ता. क. ३ – दादा, माझ्या लेकाने हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, यावरून अक्कल बघ. मुलगी कोण ते मला गेल्या वर्षीच कळलं. चार मांदेल्यांसाठी कोणी रोज तीन जिने धावत उतरत नाही. तुळसाला नवी पेटी आणली आहे. मागून आणलेलं भांडं आपल्यात रिकामं परत देत नाहीत, म्हणून आत नारळ, खण आणि माझी मोरपंखी साडी ठेवली आहे. घरात मोठा तू, तेव्हा पेटी तूच उचलायची. यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय, श्रावण सुटल्यावर बोंबील आणायला घेतली आहे. – आनंदी