पुढचा शब्द

अकोला, १२ जानेवारी २०२५

ती. धर्मेंद्रदादास, मंजुषाचा सा. न. वि. वि.

हाती फोन असून कागदावर लिहून राहिली म्हणून हसू नको. ह्यांच्या फोनची मले भीती वाटते. फुलांच्या ऑर्डरी त्याच्यावरच येतात, म्हणून हे गेल्यापासून मीच वापरते. पण मी एक शब्द लिहिला की तो पुढचा सुचवतो, अन् तो ह्यांचा असतो. नागपूरला लेकीले लिहिताना बोट चुकलं, अन् तिले 'मी निघालो' असं गेलं. पोरगी दिवसभर रडली.

काल गिऱ्हाइकाले दुकानाचा पत्ता कळवताना 'डाव्या' लिहिलं. पुढं 'हातात' आलं. मग 'मुंग्या', मग 'येऊन राहिल्या'. दादा, हे मले असं कधीच बोलले नाहीत. कोणाले लिहीत होते? सगळे मेसेज पाहिले, कुठंच नाही.

त्यात सिस्टीम जुनी झाली, ऑर्डरीचं ॲप लवकरच बंद पडेल, असंही फोन सांगतो. तुझं मोबाइलचं दुकान आहे, काय करू ते कळव. वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी, मंजुषा

अमरावती, २० जानेवारी २०२५

चि. मंजुषास अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. बटनांच्या फोनची सिस्टीम शेवटपर्यंत तीच राहायची, तिले आपल्याबद्दल काही ठाऊक नसे. टचचे फोन आले, टॅबलेट आले, अन् नव्या नव्या सिस्टीम माणसाचं बोलणं शिकत गेल्या. मेसेज पुसला तरी वारंवार लिहिलेले शब्द कीबोर्ड धरून ठेवतो. गिऱ्हाइकांना हे मी रोज समजावतो, पण तुझं पत्र वाचून माझाही हात थांबला.

रविवारी वलगावला महादेवरावांच्या मळ्यात गेलो. तुझे भगवंतराव दुकानाचा झेंडू तिथूनच उचलत. तुझ्या पत्रातले शब्द सांगितले तशी महादेवरावांनी हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाले, मलेच लिहीत होते. दवाखान्यात जा म्हटलं की म्हणत, दसऱ्याचा माल उठू द्या. मंजुषाले सांगू नका, ती दुकान बंद करील. स्वतः मेसेज पुसत, मलेही पुसायले लावत. दसरा त्यांना दिसलाच नाही, असं म्हणून म्हातारा रडला. त्यांच्यावर रागावू नको, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

नवा फोन पाठवतो. जुन्यावर नवी सिस्टीम चढत नाही. फोटो, नंबर नव्यात येतील. शिकलेले शब्द येतील असं वाटत नाही. जुना बंद करायचा का, तूच ठरव. जेवणाची आबाळ करू नको.

तुझा दादा

अकोला, २ मार्च २०२५

ती. दादास सा. न.

फोन मिळाला. जुना बंद करण्याआधी एक दुपार तो घेऊन बसले. 'मंजुषाले' लिहिलं. 'सांगू' आलं, मग 'नका'. मग मी 'कावून' लिहिलं, का नाही सांगायचं म्हणून, अन् वाट पाहिली. काहीच आलं नाही. तेव्हा बंद केला.

महादेवराव स्वतः माल घेऊन आले होते. पाणी दिलं. बसा म्हटलं नाही. माल मात्र त्यांचाच घेते.

नवा फोन आधी मुकाच होता. सारं अक्षर न् अक्षर मलेच लिहावं लागे; बरं वाटलं. जुनी गिऱ्हाइकं अजून ह्यांनाच विचारतात, त्यांना मी उत्तरं देते. परवा एकाले 'हे' एवढंच लिहिलं, तर पुढं आपोआप 'गेले' आलं.

हे त्याले मीच शिकवलं, दादा.

तुझीच, मंजुषा