दर आठवड्याला नवा सोफा

१२ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
तुझा छापखाना बंद पडला आणि तू अर्ध्या पगारावर दुसरीकडे लागलास, हे मला तुझ्या बायकोच्या पत्रातून कळावं? दोन ओळी खरडल्या असत्यास तर हात झिजले नसते.
असो. टिकलीला माझ्याकडे पाठव. इथली शाळा चांगली आहे. बारा वर्षांच्या पोरीला घरातली ओढाताण दिसू नये. बाबांचं सोफे शिवायचं दुकान गेलं तेव्हा मीही बाराचीच होते. वर्गाची सहल निघाली की घरी पैसे मागायच्या धसक्यानं मला ताप भरायचा, अगदी खराखुरा. तू चार वर्षांचा, तुला काय कळणार म्हणा.
घरी सर्वांना आशीर्वाद. आढेवेढे न घेता उत्तर धाड.
तुझी ताई

२० मार्च
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
मला कळलं नाही हे खरंच. दुकान गेल्यावर बाबा गिऱ्हाइकांचे सोफे घरीच शिवायचे. दर आठवड्याला घरात नवा सोफा! आमच्याकडे एक सोफा फार दिवस ठेवत नाहीत, असं मी पुढे शाळेत छाती फुगवून सांगायचो. बाबांना ते कळलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले, श्रीमंतांनी असंच राहावं.
मीही टिकलीसमोर तसाच राहतो. नवी नोकरी घराजवळची म्हणून मुद्दाम धरली, असं तिला सांगितलंय. पण एक दिवस तिला सगळं कळेल, ही धास्ती आहेच. तुझंच बरोबर असेल. शाळा सुरू व्हायच्या आत तिला आणून सोडतो. तिला सांगितलं तर तिनं तुझा पत्ता तेवढा मागून घेतला.
माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा धाकटा

२४ मार्च
ती. आत्यास सा. न.
हे पत्र बाबांना न दाखवता टाकतेय, रागावू नकोस. मला सगळं माहीत आहे. नोकरी घराजवळ नाही, बाबा दोन बस बदलून जातात. संध्याकाळी येतात तेव्हा खालच्या जिन्यात जरा वेळ बसून राहतात. मी वरून बघते. मग तोंड पुसतात आणि गाणं म्हणत वर चढतात. सूर अगदीच बेसूर असतो, पण दारापर्यंत येईस्तोवर ते खरंच खुशीत आलेले असतात.
यंदा सहलीला जाता येणार नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं. तुझ्याकडे यायला मला खूप आवडेल, पण सुट्टीपुरतंच. तू बाबांना तसं कळव, माझं नाव सांगू नकोस. मी तिकडे राहायला आले, तर ते जिन्यातच बसून राहतील.
तुझी लाडकी,
टिकली