जोडायचं राहिलेलं मशीन

६ ऑक्टोबर, सोमवार
लॅबच्या सगळ्या शाखांच्या मशीनचे लॉग साहेबांना एका जागी हवेत, शोधता येतील असे – तेही शनिवारपर्यंत! लॉग म्हणजे काय, हे त्यांना अजून कळलेलं नाही. मशीन दिवसभरात काय काय करतं ते स्वतःच लिहून ठेवतं, एवढंच.
एक तारखेचे एक्केचाळीस रिपोर्ट पेणकरपाड्याच्या शाखेतून आमच्याकडे मुख्य लॅबमध्ये पोचलेच नाहीत. तिथली हंसा म्हणते, पाठवले. साहेब म्हणतात, तिनेच पुसले. पुरावा आणा, नाहीतर शनिवारी तिला घरी पाठवतो.

७ ऑक्टोबर
जुन्या मशीनवर लिनक्स चढवलं. नया नगरचा लॉग आला. काशीगावचा आला. पेणकरपाडा ढिम्म! दोन तास तिथल्या फायरवॉलशी, म्हणजे नेटवर्कच्या राखणदाराशी भांडले. शेवटी आला, तर हंसाचे रिपोर्ट सकाळी ६.३४ला गेलेले. साहेब खूश – "लॅब उघडते आठला. भूत बसतं का तिथे?"
अहो, ते घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं. साडेपाच तास मिळवा – १२.०४. पण गेलेले पोचले का, ते सर्च चालल्यावरच कळेल.

८ ऑक्टोबर
डिस्क भरली. सर्च बंद. पुन्हा पहिल्यापासून.

९ ऑक्टोबर
हंसा येऊन बसली. घरात तिचा एकटीचा पगार. "मॅडम, त्या दिवशी पूजेच्या प्रसादाला पण उठले नाय. पाठवतच होते." चहा दिला. दुसरं काय देणार?
कॉन्व्हेंटमध्ये मी मॉनिटर होते. सिस्टर बाहेर गेल्या की बडबडणाऱ्या मुलींची नावं वहीत लिहायची. केवढा मान त्या वहीचा! सगळ्यात जास्त बडबड माझी. माझं नाव त्यात कधीच नसायचं.

१० ऑक्टोबर
सर्च चाललं! १२.०४ – पाठवले, पोचले. हंसा सुटली.
मग गेले कुठे? पोचले ते मुख्य मशीनवर, आणि नेमका त्याचाच लॉग मी जोडलेला नाही. माझ्या टेबलाशेजारी असतं ते, त्याला काय विचारायचं!
संध्याकाळी जोडला. १२.०५नंतर ओळच नाही. एकदम १२.४० – मशीन सुरू.
एक तारीख. खंडेनवमी. मशीनची पूजा. बंद करून पुसल्याशिवाय कुंकू लावायचं नाही, हा नियम माझाच. त्या दिवशी ते बंद होईना – आलेले रिपोर्ट साठवत असणार. सगळे आरतीला ताटकळलेले. बटण दाबून धरलं. मीच.

११ ऑक्टोबर
लॉगचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. खाली हाताने लिहिलं – बटण मी दाबलं. पुढे पूर्ण नाव.
हंसा सोमवारी कामावर येईल. माझं साहेब ठरवतील.