मंजुषाच्या खुराकाचा तक्ता

९ जानेवारी, गुरुवार
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे. बायकोला, म्हणजे मंजुषाला, पाचवा महिना. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक. लोहाच्या लाल गोळ्या महिनाभरापासून घरात आहेत, पण गोळी पोटात गेली की पाच मिनिटांत उलटी. म्हणून पंधरा दिवस तिनं त्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. नर्सबाई म्हणाल्या, महिन्यात दहाच्या वर गेलं नाही तर परभणीला नेऊन सलाईन लावावं लागेल. जिंतूरहून सासऱ्यांचा, बन्सीधररावांचा फोन. म्हणाले, जमंना झालं तर पोरीला आमी आताच घेऊन जातो.
सातव्यात ती माहेरी जाणारच आहे. पण दोन महिने आधी? ती नसली की घर खायला उठतं. शिवाय माझ्या इज्जतीचा सवाल. निर्णय : पोषण मी हातात घेतो.

१० जानेवारी, सकाळी ६
आमच्याकडं पिढीजात शेळ्या. वर मी शेळीपालनाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग केलेलं, सर्टिफिकेट भिंतीवर आहे. गाभण शेळीचा खुराक मला तोंडपाठ. निसर्गाचा नियम सगळ्यांना एकच. ट्रेनिंगच्या पुस्तिकेतला तक्ता घेतला, 'शेळी' खोडून 'मंजुषा' लिहिलं, वजनाच्या हिशोबानं गुणाकार केला. हिरवा पाला रोज सहा किलो आला. सुरुवातीला एक किलोनं करू. तक्ता लॅमिनेट केला. पिंगळीत स्वतःचं ऑनलाइन सेंटर असल्याचा हा फायदा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शेवग्याच्या पाल्याची भाजी. मंजुषानं दोन घास खाल्ले आणि ताट माझ्याकडं सरकवलं. आईनं तक्ता वाचला. म्हणाली, लेकरा, बाई हाय ती. आईला सायन्स कळत नाही. तिनं मंजुषाला चुलीजवळ बसवून हरभऱ्याची भाजी आणि भाकरी दिली. तक्त्यात नसलेली वस्तू. पहिलाच दिवस म्हणून सोडून दिलं.

१४ जानेवारी, संक्रांत
पोषण लाडू केले. बाजरीचं पीठ, अळीव, गूळ, मेथी, शेवग्याची पावडर. रेसिपी स्वतःची. साठ नग झाले. पहिला लाडू दातानं फुटेना, तेव्हा खलबत्त्यात घातला. मंजुषा म्हणाली, ठिवा तिथंच, मी निवांत खाते. संध्याकाळी डब्यातले सहा कमी. डोळ्यात पाणी आलं. बायको बोलत नाही, पण तिला कदर आहे.

१८ जानेवारी, सकाळी ६.३०
लाडू चालू आहेत, आता गोळीचं बघू. उलटी ही मनाची कमजोरी आहे. मन खंबीर असलं की दगड पचतो. हे सिद्ध करायला मंजुषासमोर एक लाल गोळी उपाशीपोटी, कडक चहासोबत घेतली. 

६.४०
उलटी झाली. कालचं वांगं शिळं असणार.

६.५५
परत झाली. वांगंच.

दुपारी
गावच्या आशा वर्कर सविताताई घरी आल्या होत्या. सगळं ऐकून हसत सुटल्या. म्हणाल्या, दादा, चहासंगं गोळी कोण घेतंय ओ? मग स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास मंजुषाशी बोलत बसल्या. बायकांच्या गप्पा. मी लक्ष दिलं नाही.

२२ जानेवारी
प्रगती मोजली पाहिजे. शेळ्या तोलायचा झोळीचा काटा अंगणातल्या कडूलिंबाला टांगला. मंजुषाला समजावलं की झोळी धुतलेली आहे, घाबरायचं कारण नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

२४ जानेवारी
अजून बोलत नाही. काटा काढला. दोरी जुनी झाली होती.

२९ जानेवारी
लाडू संपले. दुसरा घाणा केला. मंजुषाचा चेहरा उजळलाय, उलट्याही बंद. लाडवांचा गुण. हल्ली जेवण झालं की लिंबू पिळलेलं पाणी पिते, सकाळचा चहाही सोडला. डोहाळे असतील. तक्त्यात बसत नाही, तरी मी सूट दिली. आमची चांदी शेळीही यंदा अंगानं लय भरलीय. देव देतो तेव्हा सगळीकडूनच देतो.

१० फेब्रुवारी, सोमवार
हिमोग्लोबिन दहा पॉइंट चार.
नर्सबाईंपुढं लॅमिनेट केलेला तक्ता ठेवला. म्हटलं, इतर पेशंटला झेरॉक्स फुकट देईन. त्यांनी तक्ता वाचला, 'मंजुषा'च्या खालचं खोडलेलंही वाचलं आणि मंजुषाला विचारलं, काय काय खाल्लंस? ती म्हणाली, सविताताईनं सांगितल्यापासून गोळी रातीला जेवण झाल्यावर, लिंबूपाण्यासंगं घ्यायलेय. मळमळत न्हाई. आत्याबाई भाजीभाकरी थोडी थोडी देतात. नर्सबाईंनी लाडवांचं विचारलं. ती म्हणाली, ते चांदी खाती. पहिल्या दिवसापासून.
नर्सबाई बराच वेळ खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या.
बाहेर आल्यावर म्हटलं, ठीक आहे, पण आकडा दहाच्या वर गेला, म्हणजे आता माहेरी जायचं कारण उरलं नाही. ती म्हणाली, जाते ओ पंधरा दिवस. गोळी पचायलीय मला, तुमचा तक्ता पचंना.

१२ फेब्रुवारी
सासरे येऊन तिला घेऊन गेले. परभणीच्या स्टँडवर एस.टी.त जागा धरून दिली. पिशवीत तक्त्याची एक प्रत ठेवली होती, ती तिनं खिडकीतून परत दिली. पंधरा दिवस म्हणजे काही फार नाहीत, असं मी तिला तीनदा सांगितलं. तिनं एकदाही विचारलं नव्हतं.
गाडी हलताना ती म्हणाली, घरी जाऊन आधी जेवून घ्या, सकाळपासून पोटात काही न्हाई तुमच्या.
खरंच नव्हतं. मला गाडी गेल्यावर आठवलं.